कुत्रं आडवं आलं

ऐंशीच्या दशकातल्या एका धुळवडीला मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा पाय मोडला. हे वाक्य असं सरळ लिहायला मला फार वर्षं लागली. घरात आजही सगळे 'भावोजींचा अपघात' असंच म्हणतात, जणू तो त्यांनीच केला होता.

आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला मालाडला. मी अंधेरीच्या एका कारखान्यात कारकून होतो. स्कूटरसाठी नंबर लावून सहा वर्षं थांबलो होतो आणि ती दाराशी येऊन जेमतेम चार महिने झाले होते. ताई बोरिवलीला दिलेली. भावोजी लेथवर काम करायचे. कमी बोलणारा, हाताचा पक्का माणूस. त्या वर्षी ताईला आठवा महिना होता, म्हणून सणाला ते एकटेच आमच्याकडे आले.

सकाळभर रंग झाला, दुपारी मटण झालं. आमच्याच इमारतीतल्या एका मित्राच्या खोलीत बाटली उघडलेली होती. मी दोनदा तिकडे जाऊन आलो, मग तिसऱ्यांदा. भावोजींनी एक ग्लास घेतला, तोही अर्धा ठेवला. तीनच्या सुमाराला ते निघाले. आईनं ताईसाठी मटणाचा डबा भरून दिला. मी चावी उचलली.

"गाडी नको काढूस रे आता," आई म्हणाली. "डोळे बघ तुझे कशे झालेत. बशीन जाऊ दे तेंका."

"दोनच पेग घेतलेत गं. आणि आज बस मिळतेय कुठे?"

दोन नव्हते, तीन होते, आणि ते पेग नव्हते, भरलेले ग्लास होते. भावोजी दारात चपला घालत म्हणाले, "राहू दे रे, मी जाईन." तोवर मी खाली जाऊन स्कूटर सुरूही केली होती. सासुरवाडीत, हौसेनं गाडी काढणाऱ्या मेव्हण्याला किती वेळा नाही म्हणायचं? ते मागे बसले.

मला वाटत होतं मी झकास चालवतोय. आज मला त्याचीच सगळ्यात भीती वाटते. झोकांड्या जात नव्हत्या, जीभ अडखळत नव्हती. रस्ता रिकामा, अंगावर वाळलेला रंग, तोंडावर गरम वारा. कांदिवलीच्या पुढे एक लॉरी पंक्चर होऊन कडेला उभी होती. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून ड्रायव्हरनं दहा-पंधरा पावलांवर झाडाच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. मी त्या पाहिल्या. नीट पाहिल्या. रस्त्यात हिरव्या फांद्या कशाला, असं मनातही आलं. पण त्याचा अर्थ लागायच्या आत भावोजी ओरडले, "अरे, लॉरी!"

मी हँडल उजवीकडे ओढलं. मी वाचलो. लॉरीच्या मागच्या कोपऱ्याला त्यांचा डावा पाय लागला.

मला कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. डबा फुटून रस्सा रस्त्यावर पसरला आणि जमलेले लोक त्यालाच रक्त समजले. भावोजींच्या अंगावर इतका लाल रंग होता की खरं रक्त कुठून येतंय ते कुणालाच कळेना. लॉरीचा ड्रायव्हर, पन्नाशीचा माणूस, जॅक टाकून धावत आला. त्यानं भावोजींचं डोकं मांडीवर घेतलं. आणि गर्दीनं त्यालाच धरलं. मोठी गाडी त्याची, म्हणजे चूक त्याची. "रस्त्यात गाडी लावतो, साला!" म्हणत कुणीतरी त्याच्या कानाखाली मारली. मग दुसऱ्यानं.

"डाली रखी थी, साहब," तो हात जोडून सांगत होता. "मैंने डाली रखी थी."

हे तो माझ्याकडे बघत म्हणत होता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

पालिकेच्या इस्पितळात डॉक्टरांनी आधी ओल्या कापसानं रंग पुसायला घेतला, जखमा शोधण्यासाठी. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. हवालदार आला. ड्रायव्हरला चौकीत बसवून ठेवलाय, म्हणाला. भावोजींना धड श्वास घेता येत नव्हता, तरी ते बोलले.

"लॉरीवाल्याची काही चूक नाही. त्याला सोडा. कुत्रं आडवं आलं."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाचा वास त्याला आला नसेल, हे शक्यच नाही. "चला, शिमगाच आहे," तो म्हणाला आणि त्यानं कुत्रं लिहून घेतलं.

पायाला वजनं बांधून भावोजी कितीतरी आठवडे पडून होते. ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगी झाली आणि बापानं ती पहिल्यांदा पाहिली ती इस्पितळातल्या खाटेवरून. त्या दिवशी व्हरांड्यात ताईनं मला थांबवलं.

"एक विचारू? कुत्रं कुठल्या रंगाचं होतं रे?"

"काळं," मी म्हणालो.

"ते तांबडं म्हणाले."

तिनं मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला रडू फुटलं. फांद्यांचं सांगितलं, ग्लासांचं सांगितलं, ड्रायव्हरला मार खाताना बघत उभा राहिलो तेही सांगितलं.

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

"त्यांना माहीतच आहे, ताई."

"तरी सांग."

आत जाऊन सांगितलं. भावोजी छताकडे बघत ऐकत राहिले. "मी बसायलाच नको होतं," एवढंच म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पाय इंचभर आखूड राहिला. आठ तास लेथवर उभं राहणं संपलं, कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. ज्याच्या हाताला केसाएवढा फरक कळायचा, तो माणूस आता मागेल त्याला सुटे भाग काढून देऊ लागला. ताई वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी चौकीत जाऊन ड्रायव्हरचा पत्ता विचारला, पण तो कुणाला सांगता आला नाही. बाकी सगळ्यांनी मला केव्हाच माफ केलं होतं. शेजारी म्हणायचे, सणाला थोडंफार व्हायचंच. त्या 'थोडंफार'मध्ये किती माणसं गाडली जातात, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

पुढच्या धुळवडीला त्याच मित्राच्या खोलीत पुन्हा बाटली उघडली. मला बोलावणं आलं. मी गेलो, ग्लास घेतला नाही आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कुत्रं नव्हतंच, हेही. एक जण हसला, "सणाच्या दिवशी काय रे हे, यार!" दोघं उठून आपापल्या गाड्यांवरून निघून गेले. गोरेगावहून आलेला एक मित्र मात्र चावी हातात धरून बसून राहिला. त्याला चढली होती.

"मग काय, चालत जाऊ का आता?" तो चिडून म्हणाला.

"हो. चल, मी येतो."

भर उन्हात आम्ही मालाडहून गोरेगावला चालत गेलो. वाटेत दोनदा तो फूटपाथवर बसला आणि सबंध रस्ताभर त्यानं मला आईमाईवरून शिव्या दिल्या. त्याच्या बायकोनं दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?"