हॉस्टेलचा ठेका

शाळेच्या स्पोर्ट्स डेचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि मी फोन उलटा ठेवून दिला. मुलगी मात्र घरभर नाचत होती. तिच्या हाउसची चिअर तीच म्हणवून घेणार होती, आणि चिअर कुठली, तर बाबाच्या हॉस्टेलची.

तो ठेका मीच तिला दिला होता. टाळी, टाळी आणि मग जमिनीवर जोरात पाय. दोन हलके, एक जड, शेवटी आरोळी. पुण्याहून नोकरीसाठी बहारीनला आलो तेव्हा सामानाबरोबर हेही आलं. हमद टाउनला एका राउंडअबाउटपलीकडे वाळूच्या मैदानावर आम्ही दर शुक्रवारी क्रिकेट खेळतो. तिथे एकदा चौकार बसला तेव्हा मी बॅटने खुर्चीवर तो वाजवला, आणि झालं, लागणच लागली. हॉस्टेलात आम्ही शेवटी "आला रे!" ओरडायचो, इथे लोक अरबीतलं "यल्ला!", म्हणजे "चला!", ओरडू लागले. समोरच्या मल्याळी टीमने तो उचलला, त्यांच्याकडून फिलिपिनो बास्केटबॉलवाल्यांनी. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एक चहावाला ट्रेवर तोच वाजवत होता. हा आला कुठून, असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी म्हणे ढोल-ताशाचा आहे, कोणी म्हणे केरळच्या होड्यांच्या शर्यतीचा. मी नुसतं ऐकून घ्यायचो. मुलीने विचारलं तेव्हा मात्र राहवलं नाही. "हा तुझ्या बाबाने बनवलाय," मी छाती फुगवून सांगितलं. "मिरवायची भारी हौस," बायको म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं.

बनवला मीच होता, हे खरं. कशावरून बनवला, ते मी सांगितलं नाही.

हॉस्टेलला आमच्या मजल्यावर माझ्याच वर्गातला एकजण राहायचा. लहानपणी पोलिओ झालेला. एका पायाला लोखंडी कॅलिपर, हातात काठी. तो मेसकडे निघाला की कॉरिडॉरच्या फरशीवर आवाज यायचा: काठी, पाय, कॅलिपर. दोन हलके, एक जड. एका संध्याकाळी मी दाराआड बसून स्टीलच्या ताटावर चमच्याने तो आवाज वाजवला आणि शेवटी ओरडलो, "आला रे!" समोरच्या खोलीतून दुसरं ताट वाजलं. आठवड्याभरात अख्खा मजला बंद दारांमागून वाजवायला लागला. पुढे क्रिकेटची फायनल जिंकलो तेव्हा सगळं कॉलेज त्याच ठेक्यावर पाय आपटत होतं, आणि तो मुळात कुणाचा, हे त्यातल्या निम्म्यांना माहीतही नव्हतं. त्याला माहीत होतं. सुरुवात कुणी केली, एवढंच त्याला कधी कळलं नाही. तो सगळ्यांचं आटोपल्यावर जेवायला जायला लागला. मी त्याला माझ्या नोट्स द्यायचो, त्याच्याशी गोड बोलायचो, आणि आपण किती भले आहोत असं मला मनापासून वाटायचं.

तीन महिन्यांपूर्वी तो बहारीनला आला. सित्रामधल्या एका कंपनीत, सेफ्टीचा मोठा साहेब म्हणून. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच शाळेत, पण दुसऱ्या हाउसमध्ये. एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो तर तो तिथे, आणि त्याने मला मिठीच मारली. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, हॉस्टेलमध्ये मला माणसासारखं वागवणारा हा एकटाच होता." मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

मग माझी धडपड सुरू झाली. मुलीला म्हटलं, आपण नवीन चिअर बसवू. "नो वे, बाबा!" ती म्हणाली. तिला खरं कारण सांगितलं असतं तर तिने त्याच मिनिटाला ती सोडून दिली असती. ती तशी मुलगी आहे. पण मग आपला बाबा कसा होता, हेही तिला कळलं असतं. मी नाही सांगितलं. मित्रालाच फोन केला. म्हटलं, "ऊन फार असतं रे, स्टँडच्या पायऱ्या वाईट आहेत, कशाला येतोस?"

"अरे, पोरगी रिलेत पळणार आहे," तो म्हणाला. "रांगत येईन."

त्या दिवशी धुळीने आभाळ सकाळपासूनच पांढरं झालं होतं. वारा अजिबात नव्हता. पत्र्याच्या स्टँडवर तो मला शोधत आला आणि शेजारी बसला. रिलेच्या आधी माझी मुलगी माइक घेऊन पुढे आली. तिने इंग्रजीत सांगितलं, की ही चिअर माझ्या बाबांनी कॉलेजात असताना बनवली, आणि ते आज इथे बसले आहेत. तिने आमच्याकडे बोट दाखवलं. लोकांनी माना वळवून टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. मग स्टँडमधली पोरं सुरू झाली. टाळी, टाळी, पाय. आमच्या खालचा पत्रा थरथरायला लागला.

त्याचे हात थांबले. माझ्या कौतुकाचं हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं, ते तसंच राहून गेलं.

"वेग वाढवलाय यांनी," तो म्हणाला. "मी एवढा भरभर कधीच चालत नव्हतो."

मी त्याचा दंड धरला. त्याने माझा हात अगदी हळू सोडवला, काठी घेतली आणि उठला. त्याला खाली, मुलीजवळ, ट्रॅकच्या कडेला जायचं होतं. तो एकेक पायरी उतरायला लागला. दोनदा मुद्दाम थांबला, पोरांचं आटोपू द्यायला. पण ते आटोपत नव्हतं. आरोळी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. जीव तोडून वाजवत होती बिचारी, त्यांना काय ठाऊक?

मुलगी खालून मला खुणावत होती, ऊठ बाबा, तूही वाजव. मी उभा राहिलो. हात वर करून एक शब्द ओरडलो असतो तर सगळं थांबलं असतं. अख्खा स्टँड माझ्याकडे बघत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती आणि अजून पाच-सहा पायऱ्या उरल्या होत्या. मी टाळी वाजवली.