गुरुजींचा हौद

औशाच्या त्या गल्लीत बापूसाहेब गुरुजींनी मोबाईल वर धरला की बाया आधी आपापलं दार बघायच्या. कुणाची नाली तुंबली, कुणी वाळूचा ढीग रस्त्यात टाकला, कुणाच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजलं, की गुरुजी फोटो काढणार आणि नगरपालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर धाडणार. निवृत्त झाल्यावर कुणी नातवंडं खेळवतं, कुणी देव देव करतं. गुरुजींनी गल्ली सुधारायला घेतली होती. खोटं कशाला बोला, त्यांच्यामुळे खांबावरचे दिवे लागले, नाल्याही उपसल्या गेल्या. कौतुक मात्र कुणी केलं नाही, म्हणून ते गुरुजी स्वतःच करत.

त्यांना सगळ्यात मोठा अभिमान होता तो आपल्या हौदाचा. गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येई, तेही सकाळी कधी ते सांगता येत नसे. पाणी आलं की लोक घागरी, ड्रम, बादल्या घेऊन धावत. गुरुजी त्या वेळी वाचनालयात पेपर वाचत बसलेले असत, आणि घरी येऊन बघावं तर मागचा हौद काठोकाठ. बायको कुसुम होती तेव्हाही तसंच, ती गेल्यावरही तसंच. तोटी उघडी ठेवायची, पाणी आपोआप येतं, लोक उगीच बोंब मारतात, असं ते चारचौघांत सांगायचे.

शेजारी धोंडाबाई राहायची. शेती मुलाच्या हवाली करून ती औशात आली होती. तिचा नळ रस्त्याच्या कडेला, उतारावर. पाण्याच्या दिवशी ती नळाला मोटार लावायची. मोटार लावायला बंदी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि निम्मी गल्ली लावायची. धोंडाबाईची मोटार गळकी होती, त्यामुळे गुरुजींच्या फाटकासमोर चिखल व्हायचा. एकदा त्या चिखलात गुरुजींचा पाय घसरला, धोतर भरलं. झालं. फोटो गेला, खाली कडक शब्दांत दोन ओळी गेल्या.

पुढच्या पाण्याच्या दिवशी पालिकेची माणसं आली, मोटार उचलून नेली आणि नळ तोडून गेली. वाचनालयात बातमी कळली तेव्हा गुरुजींना आतून गुदगुल्या झाल्या. घरी येऊन त्यांनी हौदात डोकावलं. तळाला जेमतेम ओल होती. नळाची तोटी पिळून बघितली, तर नुसती हवा फुसफुसली.

मग ते हौदामागे गेले. धोंडाबाईच्या बाजूनं भिंतीवरून एक हिरवा पाईप आला होता आणि त्याचं तोंड त्यांच्याच हौदात सोडलेलं होतं. पाईप हलू नये म्हणून खुंटीला साडीच्या काठानं बांधला होता. तो काठ कुसुमच्या अबोली साडीचा होता. पाण्याच्या दिवशी कुसुम भिंतीवरून धोंडाबाईला हाक मारायची, ते त्यांना आठवलं. बायकांच्या गप्पा, असं समजून त्यांनी कधी कान दिला नव्हता. चढावरच्या या घराला पाणी कधी चढतच नव्हतं.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे गुरुजींनी जन्मभर पोरांना समजावून सांगितलं होतं. इथे वासे मोजणं राहिलं बाजूला, त्यांनी ते उपटून पालिकेच्या गाडीत भरून दिले होते. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. वाचनालय सुटलं. अंगणात जाणं सुटलं. विकतच्या पाण्याचा जार तेवढा अंधार पडल्यावर आत घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी धोंडाबाईच दारात उभी राहिली. नळ परत जोडून मिळावा म्हणून पालिकेला अर्ज द्यायचा होता, तो गुरुजींनी लिहून द्यावा, एवढंच तिचं म्हणणं. गुरुजींनी कागद घेतला, पेन उघडलं, पण एक अक्षर उमटेना. शेवटी मान खाली घालूनच ते म्हणाले,

"धोंडाबाई, तुमची तक्रार मीच केली होती."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "ह्या गल्लीत तक्रार करणारं दुसरं हाय कोण?"

"मग माझ्याच दारात कशाला आलात?"

"माझं काय, मी खालच्या हापशावरनं दोन घागरी आणून भागवते. तुमचा हौद कोरडा हाय न्हवं? माझा नळ जोडल्याबिगर त्यो कसा भरंल? मोटार बी कुसुमताईनंच घेतल्याली. जाताना म्हनली व्हती, ह्यांना पान्याचं काही कळत न्हाई, तू बघ. लिवा लौकर, हापिस बंद व्हईल."

गुरुजींनी अर्ज लिहिला. मोटार माझ्या घरासाठी लावली होती, तेव्हा दंड मला करावा आणि या बाईंचा नळ जोडून द्यावा, असं त्यात स्वच्छ लिहून खाली स्वतःची सही केली. मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मान वर करून तिच्याकडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही.