चक्राचा वेढा

सकाळचे सहा चाळीस. वारंगा फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडातल्या सुतारकामाच्या दुकानात रत्नपाल खिल्लारे लाकूड कोरायचं राउटर मशीन उलटं करून बसला होता. विहाराच्या दारावर त्याला धम्मचक्र कोरायचं होतं, पण नमुन्याच्या फळकुटावर चक्राच्या बाहेरच्या गोल वेढ्याची दोन टोकं काही जुळत नव्हती. मशीनच्या तळाची जुनी बेस प्लेट फुटल्यावर त्याने नवी ॲक्रिलिकची कापली होती आणि कोरायचं पातं, म्हणजे बिट, तिच्या मधोमध येत नव्हतं. प्लेटची कड साच्याला टेकवून मशीन फिरवलं, की मनगट वळेल तशी रेघ आत-बाहेर सरकायची.

त्याने बिटच्या जागी निमुळती खीळ आवळली, सैल प्लेट तिच्यावर उतरवली आणि भोक चहूबाजूंनी खिळीला टेकल्यावर समोरासमोरचे स्क्रू कसले. बिट परत लावून कोरलं, तर वेढा पुन्हा हुकला. मग त्याने खीळ परत आवळली आणि चिमटीत धरून हलवून पाहिली. ती हलली.

बायको करुणा चहा घेऊन आली. "बसली का बराबर?"

"प्लेट बसली. बिट धरणारा आतला दांडाच हलून राहिला. आता कशाच्या मधात बसवू?"

"मंग दांडा बदला की."

"या मशीनचा आता भेटत न्हाई."

"तुमच्यावानीच झालं म्हणा."

"व्हय."

विहाराच्या मंडळींनी मुद्दाम त्याच्या हातचं चक्र मागितलं होतं. चहा पिऊन त्याने त्यांना फोन लावला आणि चक्र नांदेडला कॉम्प्युटरच्या मशीनवर कोरून घ्यायला सांगितलं. "चालतंय," पलीकडून उत्तर आलं. कोणी आग्रह धरला नाही.

उद्या सकाळी आठला टेम्पो कोरं दार नांदेडला न्यायला येणार आहे. ते चढवायला दोन माणसं लागतात. त्यातला एक रत्नपाल.