जिंकल्यावरचा पंचनामा

त्या दिवशी जवळा बाजारचा आठवडी बाजार होता. शाळा सुटल्यावर मी रहेमानभाईंच्या शिलाईच्या दुकानात पँटची उंची कमी करून घ्यायला गेलो होतो. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, मशीनवरचा पाय काढला आणि म्हणाले, "मास्तर, बसा जरा."

दाजी गेले होते. दत्तराव, माझ्या ताईचे यजमान, आमच्या गावच्या कबड्डी संघाचे पंधरा वर्षांचे कप्तान. शेतातून येताना बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

माणूस असतो तोवर त्याचे किस्से कोणी जपून ठेवत नाही. त्या संध्याकाळी अंगणात बसलो, तेव्हा सुरुवात कोणी केली ते सांगता येणार नाही. पण एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं निघत होतं, आणि ताई आतून ऐकत होती.

*

आमच्या मंडळींचा एक रिवाज होता. संघ हरला तर दुसऱ्या दिवशी रहेमानभाईंच्या दुकानात कोणी खेळाचा विषय काढायचा नाही. कप्तानाला चहा पाजायचा, पिकापाण्याचं बोलायचं. जिंकला, की मात्र पंचनामा! कप्तानाने दुकानातल्या बाकावर बसायचं आणि सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

कनेरगाव नाक्याला आम्ही सपाटून हरलो, तेव्हा गंगाधरने दाजींना स्वतःच्या हाताने भजी वाढली होती. हा गंगाधर एसटीत कंडक्टर, दाजींचा वर्गमित्र आणि पंचनाम्यातला सरकारी वकील. पुढच्याच आठवड्यात आम्ही जिंकलो, तर त्याच गंगाधरने दोन तास त्यांना बाकावरून उठू दिलं नाही.

घरी येऊन दाजी ताईला म्हणाले, "हरलो असतो तर बरं झालं असतं. पोटभर भजी तरी भेटली असती."

*

भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून व्हायचं. दाजी पहिली तीस मिनिटं वाघासारखे खेळायचे. पुढे पाच-सहा गुण हातात आले, की शेवटची दहा मिनिटं वेगळेच होऊन जायचे. चढाईला जायचे, समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडायचे आणि कोणाला न शिवता परत यायचे. तेवढं केलं की चढाई नियमात बसते, आणि तेव्हा अशा मोकळ्या चढायांना काही बंधन नव्हतं. वेळ सरायचा, सामना जिंकला जायचा, आणि प्रेक्षक चिडायचे.

गंगाधर त्यांना विचारी, "दत्ता, तू चढाई करून राहिला का वावर मोजून राहिला?"

एकदा दाजींनी शांतपणे त्यालाच विचारलं, "तुझी बस स्टँडात शिरली की आणखी जोरात पळवतो का?"

"मी कंडक्टर हाय. ड्रायव्हर न्हाई."

"मग बेल मार अन् गप बस."

त्यानंतर बरेच दिवस गंगाधर तिकीट फाडायला आला, की लोक आधी त्याला बेल मारायला सांगत.

*

रहेमानभाई दाजींच्या बाजूचे. एका पंचनाम्यात त्यांनी कैची हातात घेऊन सगळ्यांना समजावलं, "देखो, कापड कापताना सुरुवातीला कैची सर्रकन जाते. शेवटचं बोटभर राहिलं की धीरेच चालवावी लागते. तिथं घाई केली की सगळी मेहनत गेली. दत्ताभाऊचं बराबर हाय."

सगळ्यांना पटलं. तेवढ्यात गंगाधर म्हणाला, "आता समजलं. माझा शर्ट दिवाळीपासून शेवटच्या बोटभरावरच अडून राहिला व्हय."

त्या दिवशीचा पंचनामा रहेमानभाईंचाच झाला. दाजी बाकावरून कधी निसटले ते कोणाला कळलं नाही.

*

ताईने त्यांचा खेळ आयुष्यात एकदाच पाहिला. गावची जत्रा होती, बायका मैदानाच्या एका अंगाला बसल्या होत्या. शेवटची दहा मिनिटं नेहमीसारखीच गेली. बायकांनी तिला छेडायला सुरुवात केली, की तुझा नवरा भितो काय गं.

ताई म्हणाली, "घरी बी असंच हाय. टोपल्यातली शेवटची भाकर कधी उचलत न्हाईत."

ही गोष्ट पंचनाम्यात पोचायला एक रात्र पुरली. गंगाधरने बाकावर टोपलंच आणून ठेवलं होतं.

*

मात्र एकदा गंगाधरही नमला. औंढ्याकडच्या एका गावात सामना होता. आमच्याकडे दोन गुणांची आघाडी, थोडा वेळ शिल्लक, आणि समोरच्या संघाचा एकच गडी मैदानात उरलेला. त्याला बाद केलं की लोण, म्हणजे वर दोन गुण फुकट. सगळं मैदान "लोण, लोण" करत होतं. दाजी गेले, रेषा ओलांडली, परत आले. तो एकटा आमच्याकडे चढाईला आला, तर आमचे सातही जण मागच्या रेषेला चिकटून उभे. त्याला ना कोणी धरलं, ना त्याच्या हाती कोणी लागलं. पुन्हा दाजी गेले, पुन्हा परत.

शेवटी भोंग्यावरून आवाज आला, "जवळा बाजारच्या कप्तानांना नम्र विनंती आहे की त्यांनी कबड्डी खेळावी."

दाजींनी भोंग्याकडे बघून हात जोडले आणि पुढच्या चढाईलाही तेच केलं. आम्ही त्या दोन गुणांनीच जिंकलो.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून ते म्हणाले, "लोण दिला की दोन गुण भेटतात, पण त्यांचे सातही गडी पुन्हा जिवंत होऊन उभे राहतात. दोन गुणापायी सात माणसं उठवू का? एकटाच राहू द्यावा. एकट्याच्यानं काय होते?"

गंगाधरने बराच वेळ चहा ढवळला. "बराबर हाय," तो म्हणाला. "पण पाहायला मजा न्हाई."

"मजा तुमी करा," दाजी म्हणाले. "जिंकायचं आमच्याकडं राहू द्या."

मी मेहुणा असल्यामुळे पंचनाम्यात तोंड उघडत नसे. पण त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता.

*

आता वसमतचा किस्सा. त्या संध्याकाळी अंगणात तो सगळ्यात शेवटी निघाला.

वसमतकडच्या एका संघाने आमच्यावर ओळीने तीन वर्षं लोण चढवला होता. त्यांचा कप्तान शेषराव, धिप्पाड माणूस, आम्हाला चिडवण्यातही पुढे. चौथ्या वर्षी अंतिम सामना त्यांच्याच मैदानावर झाला, आणि त्या दिवशी आमचं काहीच चुकलं नाही. शेवटच्या चढाईला आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. त्यांच्या बाजूला एकटा शेषराव उरला होता. पंचाने शिट्टी ओठांना लावलेली. आता कोणी जिवंत होऊन काही फरक पडणार नव्हता. सावध राहायचं काही कारणच उरलं नव्हतं. कैची दाखवणारे रहेमानभाईसुद्धा दोरीवरून वाकून लोण मागत होते.

दाजी गेले. शेषराव मागे सरला नाही, पुढेही आला नाही. हात खाली सोडून उभा राहिला. दाजींचा "कबड्डी, कबड्डी" तेवढा ऐकू येत होता. ते त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. शेषराव काहीतरी बोलला, किंवा त्याचे ओठ हलले. दाजींनी त्याच्याकडे बघितलं, वळले आणि परत आले. शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यात गंगाधरचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. तो म्हणाला, "दत्ता, आजवर तू जे करत आला त्याला हिशोब होता. मी भांडलो, पण मानत होतो. हे काय होतं? भ्यालास का?"

दाजी उठले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पंचनाम्यात उत्तर दिलं नाही. गंगाधर महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पुढे बोलायला लागला, पण हा विषय त्या दोघांत पुन्हा निघाला नाही.

राख सावडायच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने शेषराव आला. केस पांढरे झालेले, पण आम्ही सगळ्यांनीच त्याला लांबूनच ओळखलं. तो नदीवर आला, मागे उभा राहिला, सगळं आटोपेपर्यंत हलला नाही. घरी येऊन ताईसमोर हात जोडले आणि ओट्यावर आमच्याजवळ बसला. गंगाधरने त्याला चहा दिला. शेषराव पिकापाण्याचं विचारू लागला, आम्हीही पिकापाण्याचंच बोललो. बसची वेळ झाली तेव्हा गंगाधर आणि मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गंगाधरने आत चढून त्याच्यासाठी खिडकीची जागा धरली. बस सुटेपर्यंत आम्ही दोघं खिडकीखाली उभे होतो.

त्या चढाईत तो काय बोलला होता, हे आम्ही त्याला विचारलं नाही.