वाकडं हसू

आमचे सासरे हसत नसत. माझ्या लग्नाच्या फोटोत ते असे उभे आहेत, की बघणाऱ्याला वाटावं घरात कोणी गेलंय! गास गावात त्यांची केळीची वाडी, आम्ही नवरा-बायको आणि पोरं तुळिंजच्या फ्लॅटमध्ये. तेव्हा बिल्डिंगमध्ये एकाच घरी फोन होता, त्यामुळे वाडीवरची खबर आम्ही गेलो की कळायची. एका रविवारी मी वाडीवर गेले, तर सासऱ्यांच्या उजव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ!

"दुखत नाय, मंग तुझं काय जातंय?" वर मलाच दरडावलं. आंबेहळदीचे लेप देऊन देऊन गाल पिवळाधमक झालेला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना आणि सासूबाईंना घेऊन थेट मुंबईचं हॉस्पिटल गाठलं.

सुई घालून तपासलं. लाळेच्या ग्रंथीतली गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण ठेवली तर पुढेमागे बिघडेल, म्हणून काढायलाच हवी होती. डॉक्टर म्हणाले, "चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. आम्ही जपूच, तरी हसताना तोंड वाकडं होऊ शकतं."

"मी हसतो कुठं?" सासरे म्हणाले. आणि आम्ही मेले सगळे खो खो हसलो.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी चहा घेऊन वॉर्डात गेले, तर सासरे बेसिनच्या आरशासमोर उभे. दात दाखवून हसत होते, थांबत होते, पुन्हा हसून बघत होते. मी चहा तसाच घेऊन मागे फिरले.

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, ते मिटले. गालही फुगवून दाखवले. "आता दात दाखवा बघू." डावीकडचा ओठ खाली गेला, उजवीकडचा जागचा हलेना.

"नस शाबूत आहे, जरा दुखावलीय. काही महिन्यांत सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "की आधीपासूनच थोडं असं होतं?"

आता काय सांगणार, कपाळ! आरशासमोरचं तर बोलता येत नव्हतं, आणि एरवी त्यांना हसताना पाहिलं होतं कोणी? सासऱ्यांनी टॉवेल तोंडावर धरला. डोळे भरून आले होते त्यांचे.

सासूबाईंनी तो टॉवेल खस्सकन ओढला. "आदीपासूनच हाय! मला बघायला आले तवा असंच वाकडं हसलेले. म्हनून तर मी हो म्हटलं!"

सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. आणि मग हसले. अर्ध्याच तोंडाने, पण काय हसले हो!

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "आई, खरंच?"

"मला काय ठावं, बाय! तवा पोरी मान वर करत होत्या का? मी आपले त्यांचे पाय बघितले."

दिवाळीपर्यंत ओठ जागेवर आला. नातवंडांशी ते छान सरळ हसू लागले. समोर सासूबाई असल्या, की मात्र एक कोपरा मुद्दाम दाबून धरायचे.