बांधील

पोर्तुगालभर लोक आभार मानताना ‘ओब्रिगादू’ म्हणतात. म्हणणारी बाई असेल तर ‘ओब्रिगादा’. आमच्या बैरा प्रांतातल्या डोंगरी गावात जुनी माणसं हा शब्द सहसा तोंडात घेत नसत. आम्ही म्हणायचो, ‘बैंय आझा’, तुझं भलं होवो. पाद्री सांगायचे, ओब्रिगादूचं मूळ लॅटिनमधलं बांधणं आहे. म्हणणारा म्हणतो, मी तुमचा बांधील. आम्हाला लॅटिन कुठलं येणार? पण दाव्याला बांधलेली शेळी रोज बघत होतो.

आदोझिंदामावशी चीज करून विकायची. विधवा बाई, ओनोरियो एकुलता एक. त्याला आफ्रिकेतल्या लढाईचं बोलावणं आलं. शेजारच्या एउफ्राझियाचा मुलगा तिथूनच शवपेटीतून परत आला होता. मावशी जमीनदार लोबातो इंजिनियरसाहेबांकडे गेली. त्यांचा मेहुणा कर्नल होता. काम झालं, ओनोरियो लिस्बनला पलटणीच्या भटारखान्यात लागला.

मावशी चीजची परडी घेऊन साहेबांकडे गेली, तेव्हा मी तिथे कुंपण दुरुस्त करत होतो.

“बैंय आझा, साहेब. देव तुमचं भलं करो.”

“देवाने फोन केला होता का गं कर्नलला?” साहेब हसले. “नीट म्हण.”

मावशीने परडी खाली ठेवली. “ओब्रिगादा, साहेब.”

“हं. विसरू नकोस.”

पुढे राजवट उलटली, लढाई संपली. मग गावाच्या झऱ्यावर साहेबांनी हक्क सांगितला आणि खटला उभा राहिला. झऱ्याचं दगडी कुंड गावाने बांधलं, ते पाहिलेली मावशीच उरली होती. साहेब स्वतः तिच्या दारात आले.

“मुलगा बरा आहे ना?”

“बरा आहे, साहेब.”

“असणारच. शुक्रवारी कोर्टात ये.”

ते गेल्यावर एउफ्राझिया कुंपणापाशी आली. “माझा गेला, तुझा आला. मी कधी काही बोलले का? पाणी तेवढं राहू दे, बाई.”

शुक्रवारी मावशी कोर्टात मान खाली घालून म्हणाली, “झरा साहेबांचाच.”

झऱ्याला फाटक लागलं. साहेबांनी तिला एकटीला किल्ली दिली. तिने ती कधी वापरली नाही. सगळ्यांसारखी खालच्या नदीवरून पाणी आणायची. तिथे बायका तिच्याशी बोलत नसत. एकदा एउफ्राझियाला भरलेली घागर डोक्यावर चढवता येईना, म्हणून मावशीने पुढे होऊन हात लावला.

एउफ्राझियाने घागर खाली ठेवली, सगळं पाणी मातीत ओतलं आणि पुन्हा भरायला नदीत उतरली.