ओल्या फडक्याचा पंच

वसईचा पीटर मस्कतच्या एका हॉटेलातल्या पबमध्ये बारमन होता. म्हणजे कागदावर बारमन. निम्मा जन्म गेला फरशी पुसण्यात. सगळ्यात जास्त पुसावी लागायची ती इंग्रज साहेब लोकांच्या दरवर्षीच्या एका खेळापायी. ड्वाइल फ्लाँकिंग असं त्याचं भारदस्त नाव. एकाने काठीच्या टोकाला बिअरमध्ये बुचकळलेलं फडकं घ्यायचं आणि भोवती हात धरून नाचणाऱ्यांना फेकून मारायचं. नेम चुकला की पॉटभर बिअर एका दमात प्यायची. आपल्या पोरांनी हा खेळ केला तर मुस्काटात बसेल. साहेबांनी मात्र त्याची नियमावली फ्रेम करून भिंतीला लावली होती: पंचाला खेळ कळता कामा नये, पंच ऐन वेळी हवा तो नियम करू शकतो, पंचाशी वाद घालील तो हरला.

१९९७ साली हा सोहळा शुक्रवारी दुपारी ठरला. नेमकं त्याच संध्याकाळी चर्चमध्ये पीटरच्या मुलीचं, क्लेअरचं, पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी.

"पोरीचं कम्युनियन एकदाच असतं," बायकोने, विनीने, बजावलं. "नाही आलास ना, तर दार्सैतच्या घरी तोंड दाखवू नकोस."

पीटरने मॅनेजर हॉलिसकडे सुट्टी मागितली.

"मग फरशी कोण पुसणार?" हॉलिस म्हणाला. वर त्याला गंमत सुचली. "यंदा तूच पंच हो. तुला यातलं ओ की ठो कळत नाही!"

अकरा वर्षं ती फ्रेम पुसून पीटरला नियम तोंडपाठ झाले होते, हे हॉलिसला कोण सांगणार?

पाच वाजता हॉलिसचा नेम चुकला. पीटरने शिट्टी फुंकली.

"न्यू रूल, सर. नेम चुकला त्याने फरशी पुसायची. गेम खलास."

"पीटर, पुरे झाली मस्करी."

"वाद घातलात सर. हरलात."

गिऱ्हाइकांनी टेबलं बडवली. त्यांच्यासमोर माघार कशी घ्यायची? हॉलिस फडकं घेऊन गुडघ्यांवर बसला. पीटर टॅक्सीत बसला. चर्चमध्ये विनीने त्याच्या अंगाचा बिअरचा वास घेऊन नाक मुरडलं, पण बाकावर सरकून जागा दिली. पांढऱ्या फ्रॉकमधल्या क्लेअरने रांगेतून मागे वळून बघितलं. बाप होता.

पुढच्या वर्षी नियमावलीत एक ओळ वाढली: पंच हॉटेलचा नोकर नसावा. बाकीचे नियम वाचून साहेब लोक अजूनही पोट धरून हसत. या ओळीपाशी कोणी हसायचं नाही. रोज सकाळी काच पुसताना पीटर मात्र तिथेच हसायचा.